करडी लोकर हिरवी का दिसते?

गडद लाल आणि करडी अशा दोन लोकरींचं पट्ट्यांचं ब्लँकेट क्रोशाने विणत होते, साध्या खांबाचे टाके, सहा ओळी लाल, सहा ओळी करड्या. चार-पाच पट्टे झाले आणि जरा लांब धरून बघितलं तर करडा रंग करडा दिसेचना, त्यात चक्क हिरवट-निळसर झाक आली होती. ज्यांना दाखवलं त्यांचं म्हणणं एकच, लालचा रंग उतरून करड्याला लागला असणार, नाहीतर दुसऱ्या लॉटचा गुंडा मध्ये घुसला असणार. लॉटचा फरक ही खरी गोष्ट आहे, एकाच नंबरचा रंग दोन वेळा रंगवला की थोडा वेगळा येतो, म्हणून सगळे गुंडे एका लॉटचे घ्यावेत हे बरोबरच. पण इथे सगळा करडा एकाच गुंड्यातला होता. आणि रंग लागायचाच असता तर लाल लागून करडा गुलाबी झाला असता ना, तो तर बरोबर उलट्या दिशेला गेला होता!

मग मी त्याच दोन गुंड्यांतून एक छोटा नमुना विणला, मुक्या खांबांचा (साध्या खांबापेक्षा बुटका टाका), एक ओळ लाल एक ओळ करडी, एकदम बारीक पट्टे. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून पाहिला तर करडा लालसर दिसतोय. म्हणजे लोकर तीच, उजेड तोच, फक्त पट्ट्याची रुंदी बदलली आणि रंग हिरव्याकडून लालकडे गेला. हा सगळा लेख त्या रुंदीबद्दल आहे.

ही तक्रार खूप जुनी आहे आणि गंमत म्हणजे तीसुद्धा लोकरीच्याच कामातून आली. पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा टॅपेस्ट्री विणायचा, म्हणजे भिंतीवर लावायचे चित्रं विणलेले मोठे पडदे बनवायचा सरकारी कारखाना होता (अजूनही आहे), तिथे १८२४ साली मिशेल शव्रल या रसायनशास्त्रज्ञाला रंगाई विभागाचा प्रमुख नेमलं. त्याच्याकडे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या कापडांच्या सावल्या दाखवायला वापरलेला काळा रंग फिका पडतोय, त्याला जोर नाही. शव्रलने आधी केमिस्टसारखाच विचार केला, काळ्या लोकरीचे दुसरीकडचे नमुने मागवले, तुलना केली, तर गोबलँच्या काळ्यात काहीच खोट नाही. खोट होती शेजारात. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी ठेवला की काळ्यावर त्यांच्या विरुद्ध रंगाची, म्हणजे नारिंगी-पिवळट झाक चढते आणि तो विटका वाटतो. यावर त्याने कितीतरी प्रयोग केले आणि १८३९ मध्ये जाडजूड पुस्तक काढलं, त्यातला नियम थोडक्यात असा: दोन रंग शेजारी ठेवले की ते डोळ्याला आहेत त्यापेक्षा जास्त वेगळे दिसतात. फिक्याशेजारी गडद आणखी गडद, लालशेजारी करडा हिरवट.

शव्रलबद्दल अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाळासाठी ब्लँकेट विणायचं ठरलं की मुलगा की मुलगी ओळखून रंग ठरवण्यासाठी गरोदर बाईच्या पोटावर दोऱ्याला अंगठी टांगून बघणारे लोक आजही आहेत, गोल फिरली तर एक, सरळ झुलली तर दुसरं. शव्रलने अशा लोलकाचा बारकाईने तपास केला होता आणि १८३३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अँपिअरला लिहिलेल्या पत्रात तो छापला. त्याच्या स्वतःच्या हातात लोलक झुलत होता, पण हाताला आधार दिला की झुलणं कमी व्हायचं आणि डोळे बांधले की लोलक आधीसारखा प्रतिसाद देईनासा व्हायचा. म्हणजे दोरा हलवत होते हाताचे स्नायू, मनातल्या अपेक्षेप्रमाणे, माणसाच्या नकळत. अंगठीला काहीही कळत नाही. माणूस खोटं बोलत नसतानाही चुकू शकतो हे त्याने लोलकात दाखवलं आणि नंतर लोकरीतही, म्हणून मला हा माणूस फार आवडतो. तो १०२ वर्षं जगला.

आता डोळा असं का करतो ते बघू. हा भाग थोडा लांब आहे पण खरी मजा यातच आहे.

डोळ्याच्या पडद्यावर, रेटिनावर, उजेड पकडणारे सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात हे शाळेत आलंय. पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू किती, तर साधारण १० लाख. म्हणजे प्रत्येक पेशीचं म्हणणं जसंच्या तसं पाठवणं शक्यच नाही, डोळ्याला माहिती आवळून पाठवावी लागते. आवळायची उत्तम रीत म्हणजे एकसारख्या भागाबद्दल जास्त बोलायचं नाही, फरक जिथे आहे तेवढंच ठणकावून सांगायचं. त्यासाठी रेटिनातल्या पेशी शेजाऱ्याला दाबतात. एका पेशीवर उजेड पडला की ती स्वतः सिग्नल देते आणि शेजारच्या पेशींचा सिग्नल थोडा कमी करते. हे हार्टलाइन या शास्त्रज्ञाने हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर दाखवलं, कारण त्या प्राण्याच्या डोळ्याचे घटक चांगले मोठे असतात आणि एकेकट्याच्या नसेचे सिग्नल मोजता येतात. एका घटकावर उजेड टाकला की जोरात सिग्नल, मग शेजारी पण उजेड टाकला की पहिल्याचा सिग्नल मंदावतो. १९६७ च्या नोबेलमध्ये हार्टलाइनचा वाटा होता.

हिशोब करून बघा. आकडे मी सोपे घेतलेत, खऱ्या डोळ्यात भानगड बरीच जास्त आहे, पण गाभा हाच. समजा प्रत्येक पेशी समोरच्या दृश्याचा एक छोटा भाग बघते आणि तिचा नियम असा: माझ्या मधल्या भागात जेवढं येतंय त्यातून आजूबाजूच्या सरासरीचा अर्धा वजा करायचा. करडी लोकर लाल उजेडाचे ५० आणि हिरव्याचे ५० भाग परत पाठवते, दोन्ही सारखे, म्हणून तर ती करडी. गडद लाल लोकर लालचे ४० आणि हिरव्याचे फक्त १० पाठवते. आता पट्टा रुंद आहे, पेशीचा मधला भाग पूर्ण करड्यावर आहे आणि आजूबाजूचा भाग शेजारच्या लालवर पडलाय. लालचा हिशोब ५० वजा २०, म्हणजे ३०. हिरव्याचा हिशोब ५० वजा ५, म्हणजे ४५. मेंदूकडे गेलं काय, तर लाल ३०, हिरवा ४५. लोकरीतून दोन्ही सारखेच निघाले होते, पण पोचताना हिरवा वरचढ झाला! हीच ती हिरवट झाक. (निळ्याचाही असाच हिशोब होतो, म्हणून झाक निळसर हिरवी.)

आता पट्टा बारीक करा, इतका बारीक की पेशीच्या मधल्या भागातच लाल आणि करडा दोन्ही मावतात. मग मधल्या भागात लालची सरासरी ४५ आणि हिरव्याची ३०, आणि आजूबाजूलाही तेच पट्टे असल्यामुळे तिथेही ४५ आणि ३०. वजाबाकी करा, लाल साडेबावीस, हिरवा १५. लाल जिंकला. नियम एकच, आकडे तेच, फक्त रुंदी बदलली आणि निकाल उलटा लागला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा सुई खाली ठेवून पुन्हा पुन्हा हाच हिशोब केला होता.

बारीक पट्ट्यांत रंग एकमेकांकडे ओढले जातात या प्रकाराला बेझोल्ड परिणाम म्हणतात. विल्हेल्म फॉन बेझोल्ड हा जर्मन हवामानशास्त्रज्ञ, त्याला गालिच्यांच्या नक्षीत दिसलं की एकच रंग बदलला तर न बदललेले रंगही वेगळे भासतात, आणि १८७४ च्या रंगांवरच्या पुस्तकात त्याने ते मांडलं. क्रोशात हा परिणाम जास्तच जाणवतो असं मला वाटतं, कारण क्रोशाच्या दोन रंगांमधली सीमा कधी सरळ रेघ नसतेच. नवीन ओळीचा टाका मागच्या ओळीच्या डोक्याखाली सुई घालून काढलेला असतो, त्यामुळे नव्या रंगाचे छोटे दात जुन्या रंगात रुतलेले असतात. एक-एक ओळीच्या पट्ट्यात तर असे दात दोन्ही बाजूंनी असतात, निखळ एका रंगाची जागा उरते फार थोडी.

इथे एक कबुली द्यायला हवी की सगळं काही रेटिनात उरकत नाही. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांमध्ये एका काळ्या पट्ट्याचा तुकडा काढून तिथे करडा बसवा, आणि एका पांढऱ्या पट्ट्यात तोच करडा बसवा. काळ्याच्या जागी बसलेल्या करड्याच्या लांब कडा पांढऱ्याला लागून आहेत, म्हणजे वरच्या हिशोबाने तो गडद दिसायला हवा, पण दिसतो तो उजळ! मायकेल व्हाइटने १९७९ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि त्यावर अजून वाद चालू आहेत. मेंदू बहुतेक आधी ठरवतो की हा तुकडा कुठल्या पट्ट्याचा भाग आहे आणि मग तुलना कोणाशी करायची ते. विणून बघायला सोपा नमुना आहे, काळ्या ओळीत मध्येच दहा खांब करडे घालायचे, पांढऱ्या ओळीत दहा.

आता अंतराचा मुद्दा, कारण ब्लँकेट विणताना मांडीवर असतं आणि बघणारे लांबून बघतात. ५७ सेंटीमीटरवर धरलेली १ सेंटीमीटरची पट्टी डोळ्यात १ अंशाचा कोन करते, हा लक्षात ठेवायला सोपा आकडा. लाल आणि करड्याची एकेक सेंटीमीटरची जोडी म्हणजे २ सेंटीमीटर. साधारण साडेअकरा मीटरवरून बघितलं तर एका अंशात अशा १० जोड्या मावतात. आणि नुसत्या रंगाचा फरक, उजळ-गडदपणा सारखा ठेवून, आपल्या डोळ्याला एका अंशात साधारण १० ते १२ जोड्यांपर्यंतच ओळखता येतो, पुढे सगळं एकमेकांत मिसळतं. उजळ-गडदाचा फरक मात्र ५०-६० जोड्यांपर्यंत कळतो, म्हणजे तेच पट्टे ५०-६० मीटरवरूनही दिसतील. निळा ओळखणाऱ्या शंकूपेशी तर मुळातच कमी, आणि नजर जिथे रोखतो त्या अगदी मधल्या ठिपक्यात जवळपास नसतातच, म्हणून पांढरा आणि फिका पिवळा असे बारीक पट्टे घातले तर दोन-चार पावलं मागे गेलं की एकच दुधाळ रंग उरतो. इतके दिवस विणलेले पट्टे दिसतच नाहीत, आणि लोकरीत काहीच दोष नसतो.

म्हणून दोन गुंडे हातात धरून रंग ठरवू नका. गुंडा म्हणजे मोठा गोळा, त्यात पट्टा कुठे असतो? दोन्ही गुंड्यांचा फोटो काढून मोबाइलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करा, दोन्ही एकाच छटेचे दिसले तर पट्टे लांबून हरवणार हे नक्की. मग जेवढ्या रुंदीचे पट्टे हवेत तेवढ्याच रुंदीचा हातभर नमुना विणा आणि तो दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्याखाली, जवळून आणि खोलीच्या पलीकडून बघा. दिवा बदलला की दोन लोकरींचं नातं बदलतं, पण तो वेगळाच मोठा विषय.

रंग बदलताना एक गोष्ट सांभाळा. लाल ओळीचा शेवटचा खांब पूर्ण लाल करून मग करडा जोडला तर कडेला लाल ठिपका उरतो, कारण खांब संपल्यावर सुईवर राहिलेला लूप हा पुढच्या टाक्याचं डोकं असतो. म्हणून शेवटच्या खांबाचे दोन लूप सुईवर उरले की तिथेच करडा धागा घेऊन ओढायचा. आणि ओळी सम संख्येत ठेवल्या, दोन, चार, सहा, की धागा निघाला त्याच कडेला परत येतो, मग तोडायची गरज नाही, दुसरा रंग कडेने वर नेता येतो आणि टोकं लपवत बसावं लागत नाही. फक्त तो वर नेताना सैल सोडा, ओढला की कड आक्रसते.

माझ्या ब्लँकेटचं काय केलं? पांढऱ्या कागदाला पट्ट्याएवढी खिडकी कापून ती करड्यावर ठेवली, लाल पूर्ण झाकला, की आतला करडा एकदम करडा. कागद उचलला की हिरवट. सगळा हिशोब पाठ असूनही प्रत्येक वेळी हिरवट. पट्टे उसवून दोन-दोन ओळींचे करायचे ठरवलं होतं, पण सहा ओळींचं तसंच पुढे विणतेय, ती झाक आता मला हवीशी वाटायला लागलीय. कडेला मात्र करड्याच्या चार ओळी घालणार आहे, त्याला बाहेरच्या बाजूने लाल नसेल, तिथला करडा किती हिरवा दिसतो ते बघायचंय.