स्कोअर साठ म्हणजे शुगर साठ नव्हे

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मध्यंतरी मधुमेहाचा धोका मोजणारी एक ऑनलाइन चाचणी फिरली. चार उत्तरं द्या, आकडा मिळवा, खाली शेअरचं बटण. संध्याकाळपर्यंत 'माझे ८०', 'आमच्या ह्यांचे ४०' सुरू झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "माझे साठच आले. शुगर कमी झाली वाटतं, गूळ खाऊ का?"

गडबड झाली ती इथेच. काकूंना आला तो स्कोअर होता, त्यांच्या रक्ताशी त्याची गाठच पडलेली नव्हती. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २००५ साली मांडलेल्या या मोजणीत वय, कंबर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह यांना मिळून १०० पैकी गुण मिळतात. काकू अठ्ठावन्न वर्षांच्या, म्हणून ३०. कंबर ८४ सेंटीमीटर, १०. हालचाल मध्यम, २०. आईवडिलांना मधुमेह नाही, शून्य. बेरीज ६०, आणि ६० पासून पुढे धोका जास्त धरतात. म्हणजे काकूंना दिलासा वाटला तो नेमका उलट्या आकड्याचा.

कंबरेच्या प्रश्नात तर बहुतेक पुरुष पँटचा नंबर टाकतात. चौतीस नंबर म्हणजे ८६ सेंटीमीटर, आणि पुरुषांना नव्वदच्या आत (बायकांना ऐंशीच्या आत) गुण शून्य! पण पँट पोटाच्या खाली बसते. टेप लावायचा तो शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. तिथे तोच माणूस ९४ भरतो आणि १० गुण चढतात.

रक्ततपासणीचं गणित निराळं. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक, १२६ किंवा जास्त आली तर मधुमेह. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या एचबीए१सी तपासणीसाठी ही रेघ ६.५ टक्क्यांवर. तरीही काही लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. अॅनिमिया असेल तर एचबीए१सी फसवूही शकतं.

स्कोअर ही चाळणी आहे. सुई न टोचता, पैसे न घालवता, लॅबमध्ये आधी कोणी जायचं एवढं ती सांगते. ऐंशीवाल्याची साखर ९५ निघू शकते आणि वीसवाल्याची १३०. माझ्या मते घोळ त्या शेअरच्या बटणानेच घातला: धोक्याचा आकडा ग्रुपवर पडला की तो दहावीच्या मार्कांसारखा वाचला जातो. स्कोअर खाली आणायचा तर कंबर आणि हालचाल एवढंच हातात. वय आणि आईवडील कोण बदलणार!

काकू दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आल्या. साखर ११२. मधुमेह नाही, पण त्याच्या वाटेवर. तो रिपोर्ट त्यांनी ग्रुपवर टाकला नाही. डॉक्टरांकडे नेला, आणि हल्ली संध्याकाळी मासुंदा तलावाला फेरी मारताना दिसतात.