हळदीचा फोटो तुरटीने पक्का होतो का?

वसमत-हिंगोलीकडे हळदीला तोटा नाही, उन्हाला तर नाहीच नाही. त्यामुळे स्पिरिटमध्ये हळद कालवून, गाळून कागदाला फासायची, वर पान ठेवून काच दाबायची आणि कागद उन्हात ठेवायचा, हा प्रयोग इथं सहज जमतो. एप्रिलच्या उन्हात काही तासांत उघडा भाग फिका पडतो, पानाखालचा पिवळा राहतो. मग कुणीतरी हमखास सांगतं: तुरटीच्या पाण्यातून काढा, फोटो कायमचा टिकेल.

टिकत नाही. तुरटी रंगाला धाग्याशी बांधते, म्हणून तो धुण्यात कमी जातो. उन्हापासून ती हळदीला वाचवत नाही. वरणाचा डाग पडलेला सदरा धुऊन उन्हात टाकला की डाग उडतो, तेच इथं घडतं. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळेपणा देणारं द्रव्य, प्रकाशाने मोडतं म्हणून तर चित्र उमटतं. पानाखाली वाचलेलं कर्क्युमिन पुढे भिंतीवर मोडतं. बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) पाण्याने पिवळा तांबूस-तपकिरी होतो, दिसतो झकास, पण तोही उडतो. यूव्ही (अतिनील किरण) अडवणारी काचही अर्धवटच कामाची, कारण कर्क्युमिन डोळ्यांना दिसणारा निळा-जांभळा प्रकाशही शोषतं.

माझ्या मते हा घोळ सायनोटाइपमुळे, म्हणजे उन्हात निळे फोटो छापायच्या जुन्या पद्धतीमुळे, झाला असावा. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ती आणि वनस्पतींच्या रंगाने फोटो काढायची, अशा दोन्ही पद्धती मांडल्या. पण सायनोटाइपचा निळा रंग लोहक्षारांचा. उरलेले क्षार पाण्यात धुऊन जातात, म्हणून तो टिकतो. हळदीत उरतं तेच चित्र. धुऊन काय काढणार?

अंधाऱ्या, कोरड्या जागी, वहीत ठेवलं तर वर्षानुवर्षं राहतं. भिंतीवर लावायचंच असेल तर स्कॅन काढून त्याची प्रिंट लावा.