न्यूट्रलवर उतरायचं की गिअरमध्ये? पेट्रोल नेमकं कशात वाचतं

आमच्या घरी पद्मिनी गाडी होती तेव्हा खंडाळ्याचा घाट लागला की बाबा स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा न्यूट्रलला आणायचे आणि बऱ्याचदा चावी फिरवून इंजिनही बंद करायचे. गाडीत एकदम शांत व्हायचं. टायरचा आणि वाऱ्याचा तेवढा आवाज. खोपोलीला पोचल्यावर बाबा म्हणायचे, "इथवर फुकट आलो." मागच्या सीटवर बसून मला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

इंजिन बंद करण्याचं धाडस मी कधी केलं नाही, पण उतार दिसला की न्यूट्रल करायची सवय मात्र उचलली आणि ती वर्षानुवर्षं राहिली. मग घेतलेल्या गाडीत त्या क्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारा आकडा होता. घाटात न्यूट्रलवर तो साठ-सत्तर दाखवायचा आणि मी खूश असायचो. एकदा पावसामुळे पुढची गाडी हळू चालली होती, म्हणून तिसऱ्या गिअरमध्येच राहिलो आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. आकडा ९९.९ वर, म्हणजे मीटरच्या शेवटच्या टोकाला, जाऊन थांबला आणि हललाच नाही. इंजिन तर न्यूट्रलपेक्षा कितीतरी जोरात फिरत होतं. हे कोडं सोडवायला बसलो तेव्हा कळलं की ज्या दोन गोष्टी मी एकच समजत होतो, त्या आतून एकमेकींच्या उलट आहेत.

बाहेरून बघितलं तर खरंच फरक दिसत नाही. दोन्हींत पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो, दोन्हींत गाडी स्वतःच्या वजनाने पुढे जात असते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटलेला असतो. इंजिनाला स्वतःच्या जोरावर जिवंत राहायचं असतं. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर, म्हणजे आयडलवर, ते गुरगुरत राहतं आणि त्यासाठी त्याला पेट्रोल लागतंच. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन उभ्या जागी नुसतं चालू ठेवलं तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी लावला तर त्याहून जास्त. न्यूट्रलवर घाट उतरणारी गाडी तेवढंच पीत असते.

गिअरमध्ये पाय काढला की चित्र उलटं होतं. आता चाकंच इंजिनाला फिरवत असतात. इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, दिसतं की अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सुटलाय, फेरे दीड हजाराच्या वर आहेत, म्हणजे ड्रायव्हरला ताकद नको आहे. मग तो पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा थेंबही जात नाही, फक्त हवा आत-बाहेर होते. फेरे उतरून हजार-बाराशेच्या आसपास आले की इंजिन बंद पडू नये म्हणून तो पुन्हा पेट्रोल सुरू करतो. लक्ष दिलंत तर त्या क्षणी कुणी मागून हलकेच ढकलल्यासारखा बारीक झटका जाणवतो. फेरे जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, हा आपल्या डोक्यात पक्का बसलेला हिशोब इथे लागू पडत नाही, कारण फिरवण्याचं काम उतार करतोय.

मग बाबांचं चुकत होतं का? मुळीच नाही. पद्मिनीला इंजेक्टरऐवजी कार्बोरेटर होता, हवेत पेट्रोल मिसळून देणारा साधा यांत्रिक भाग. त्याला कसलीही अक्कल नव्हती, तो इंजिनाच्या ओढीवर चालायचा. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरवली की इंजिन जोरात फिरायचं, आत निर्वात वाढायचा आणि त्या ओढीने आयडलच्या छोट्या वाटेतून पेट्रोल येतच राहायचं, साध्या आयडलपेक्षा जास्तच. त्यामुळे त्या गाडीत न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचायचं आणि इंजिन बंद केल्याने अजूनच. आणखी एक गोष्ट आहे. त्या जुन्या पद्मिनीत ना पॉवर स्टिअरिंग होतं ना इंजिनाच्या निर्वातावर ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर, त्यामुळे इंजिन बंद झाल्यावर हातापायांना काही वेगळं जाणवायचं नाही. ब्रेक आधीपासूनच जड होते, तसेच राहायचे. धोका तेव्हाही होताच, पण आजच्या गाडीत चावी फिरवण्याइतका तो नव्हता. आज इंजिन बंद केलंत तर बूस्टरमध्ये साठलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं, आणि चावी काढली गेली तर स्टिअरिंगही लॉक होतं.

कारमधला कार्बोरेटर २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले तसा गेला. दुचाकींत तो बराच टिकला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे आणखी कडक नियम आल्यावर तिथेही बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आलं. यंत्र बदललं आणि सल्ला मात्र तोच राहिला, बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून क्लीनरकडे जात. डिझेलच्या बाबतीत तर तो सल्ला मुळातच फारसा खरा नव्हता. जुन्या यांत्रिक डिझेल पंपाला फेऱ्यांवर लक्ष ठेवणारा गव्हर्नर असायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन आयडलच्या वर फिरत असेल तर तो डिझेल तोडायचा. म्हणजे ट्रकवाल्यांनी न्यूट्रल करून जे वाचवलं असं मानलं, त्यातलं बरंचसं कधी वाचलंच नव्हतं.

आता रुपयांत बघू. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतचा उतार सुमारे बारा-तेरा किलोमीटरचा. सरासरी चाळीसच्या वेगाने वीस मिनिटं. तासाला ०.६ लिटर धरलं तर न्यूट्रलवर उतरताना २०० मिली पेट्रोल जातं. लिटरला शंभर रुपये धरले तर वीस रुपये. गिअरमध्ये उतरलात तर उताराच्या बहुतेक भागात शून्य. वीस रुपये कुणाला मोठे वाटतील, कुणाला नाही, पण आपण धोका पत्करून ते वाचवतोय असं समजत होतो आणि प्रत्यक्षात ते घालवत होतो, हे मला फार लागलं.

आणि धोका खराच आहे. माणसं, सामान धरून १२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती सतरा-अठरा लिटर गार पाणी उकळीला आणायला पुरेल इतकी असते. यातला काही भाग हवा आणि टायर खातात. उरलेला कुठेतरी जावाच लागतो. गिअरमध्ये असाल तर तो इंजिनाच्या घर्षणात, हवा ओढण्या-दाबण्यात जिरतो आणि रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून बाहेर पडतो. यालाच आपण इंजिन ब्रेक म्हणतो. न्यूट्रलमध्ये असाल तर सगळा भार चार चाकांच्या ब्रेकवर येतो. पॅड तापतात, पकड सुटू लागते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी वाईट. ते हवेतली ओल शोषतं. डॉट-३ प्रकारचं ताजं ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० अंशांनाच. उकळलं की नळीत बुडबुडे होतात, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ब्रेक फेल झाले असं आपण म्हणतो, पण ते घाटाच्या वरच्या टोकाला, दांडा न्यूट्रलला आणला तेव्हाच व्हायला लागलेले असतात.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. नवीन कात्रज बोगदा ओलांडून नऱ्ह्यावरून नवले पुलाकडे येणारा लांब उतार, आणि तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेल्या जड गाड्या. त्या पट्ट्यात किती घरं उद्ध्वस्त झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. ट्रकला हवेचे ब्रेक असतात. न्यूट्रलवर इंजिन मंद फिरतं, म्हणून कॉम्प्रेसरही हवा सावकाश भरतो, आणि नेमका तेव्हाच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून हवा संपवत असतो. गिअरमध्ये तोच कॉम्प्रेसर भराभर हवा भरतो, आणि बऱ्याच ट्रकना असलेला, धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा एक्झॉस्ट ब्रेकही तेव्हाच कामाला येतो.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग गिअर नेहमीच जिंकतो. तसं नाही, आणि इथे प्रामाणिक राहायला हवं. इंजिन ब्रेक म्हणजे शेवटी ब्रेकच. तो वेग खातो. हलका, लांबलचक उतार असेल, जिथे न्यूट्रलवर गाडी साठच्या वेगाने आपोआप चालत राहते, पण गिअरमध्ये ठेवली की मंदावते आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो, तिथे न्यूट्रल खरंच थोडं कमी पितं. किती कमी? माझ्या हिशोबाने पाच मिनिटांच्या अशा उतारावर तीस-चाळीस मिली, म्हणजे तीन-चार रुपये. परदेशी कंपन्यांच्या काही ऑटोमॅटिक गाड्या हे स्वतःच करतात: सपाटीवर पाय काढला की क्लच सोडतात, ब्रेकला पाय लागला की लगेच पुन्हा जोडतात. कॉम्प्युटर ते पापणी लवते न लवते तोच करतो. माणूस अचानक रस्त्यात आलेलं जनावर बघून, घाबरून, आधी गिअर शोधेल की स्टिअरिंग सांभाळेल? तीन रुपयांसाठी मी ती परीक्षा देणार नाही.

म्हणजे खरा प्रश्न असा: पुढे वेग कमी करायचाच आहे का? करायचाच असेल, मग तो घाट असो, टोलनाका असो की लाल सिग्नल, तर गिअरमध्ये राहून पाय काढा. पेट्रोल बंद आणि ब्रेकही झिजत नाहीत.

शहरात मात्र ही गिअर-न्यूट्रलची तुलनाच दुय्यम ठरते. हे मला सगळ्यांत उशिरा कळलं. सिग्नलपाशी येताना शेवटचे वीस सेकंद न्यूट्रलवर घालवले तर तीन-चार मिली पेट्रोल जातं. पण थांबलेली ११०० किलोची गाडी साठच्या वेगावर न्यायला, इंजिन आपल्या पेट्रोलचा चौथा हिस्सा कामी लावतं असं धरलं, तर वीसेक मिली लागतात. चाळीसपर्यंतच नेली तर आठ-नऊ, कारण वेग दीडपट झाला की लागणारी ऊर्जा सव्वादोनपट होते. पुढचा दिवा लाल दिसत असताना साठ गाठायचे आणि मग करकचून ब्रेक मारायचा, यात ते वीस मिली आपण ब्रेक पॅडवर जाळतो. कोथरूडहून हडपसरला जाताना असं पंधरा वेळा झालं तर ३०० मिली. त्यापुढे गिअर होता की न्यूट्रल हा वाद चार थेंबांचा. दोनशे मीटर आधी पाय काढला असता तर साठवर पोचायचीच गरज नव्हती, आणि बऱ्याचदा तिथे पोचेपर्यंत दिवा हिरवाही होतो. पाय कधी काढला, यावर अ‍ॅव्हरेज ठरतं.

कंपनीने जाहीर केलेला अ‍ॅव्हरेजचा आकडा यात मदत करत नाही. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगांच्या तक्त्याप्रमाणे चालवून काढतात. त्या तक्त्यात कमाल वेग ताशी ९०, आणि घाट एकही नाही.

क्लचबद्दल एक सांगायलाच हवं. उतारावर गिअर टाकलेला आहे पण क्लच दाबून ठेवलाय, असं करणारे खूप आहेत. गिअरचा दांडा तिसऱ्यावर दिसतो म्हणून आपण गिअरमध्ये आहोत असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते न्यूट्रलच आहे, वर क्लचची झीज. गाडी पूर्ण थांबायच्या जरा आधीपर्यंत क्लचला पाय लावायचं कारणच नाही.

इलेक्ट्रिक गाडीत तर हा फरक सगळ्यांत ठळक दिसतो. तिथे पाय काढल्यावर मोटारच जनित्र होते आणि बॅटरीत वीज परत जाते. दीड हजार किलोची गाडी ५०० मीटर उतरते म्हणजे कागदावर दोन युनिट. हवा, टायर आणि इतर तूट वजा जाता एखादं युनिट हाती लागतं. न्यूट्रल केलं तर काहीच नाही. फक्त लोणावळ्यात बॅटरी काठोकाठ भरून निघू नका, भरलेल्या बॅटरीत वीज घ्यायला जागा नसते आणि तो इंजिन ब्रेकसारखा आधार मिळत नाही.

पेट्रोल-डिझेल गाडीसाठी जुन्या ड्रायव्हर लोकांचं एक सांगणं आजही बऱ्याच अंशी लागू आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका, वेग वाढल्यावर नाही. तिसऱ्यातही गाडी पळायला लागली तर ब्रेक एकदा ठामपणे दाबून वेग उतरवा, दुसरा टाका आणि ब्रेक सोडून द्या. हलका पाय सतत ब्रेकवर ठेवला की ते थंड व्हायला वेळच मिळत नाही. ऑटोमॅटिकमध्ये एल, दोन किंवा मॅन्युअल मोड याचसाठी दिलेला असतो.

बाबा आता शेजारच्या सीटवर बसतात. लोणावळा मागे पडलं की त्यांची नजर त्या आकड्यावर जाते. तो ९९.९ झाला की विचारतात, "झालं बंद?" मी म्हणतो, "पेट्रोल बंद झालं, इंजिन चालू आहे." ते मान हलवतात, खिडकी थोडी खाली करतात आणि तिसऱ्या गिअरमध्ये घुमणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकत बसतात.