ओएस.वॉकमधला तो बदल मागं काहून घेतला

पायथनच्या ओएस मॉड्यूलचा सोर्स उघडला की वॉक फंक्शनच्या (फोल्डर अन त्याच्या आतले सबफोल्डर एकेक करून फिरणारं) आत एक कमेंट दिसते, इश्यू नंबर २३६०५ लिहिलेली, अन त्याच्या खाली इजलिंक (हे नाव लिंक आहे का, हे डिस्कला विचारणारं फंक्शन) बोलावलेलं. आमच्या दारव्ह्याकडच्या डिप्लोमाच्या पोट्ट्यांना हे हमखास खटकते. भाऊ, फोल्डरातली नावं वाचणाऱ्या स्कॅनडिरनं आधीच सांगितलं ना ही लिंक (दुसऱ्या जागेकडं बोट दाखवणारी नोंद) आहे का फोल्डर, मंग डिस्कला परत काहून विचारून राहिले? प्रश्न बरोबर आहे. ते परत विचारणं एकदा खरंच काढलं होतं, पायथनवाल्यांनीच, अन मंग तो बदल अर्धा मागं घेतला.

सुरुवातीला ओएस.पाथ.वॉक होतं. त्याला आपलं फंक्शन द्यायचं, ते एकेका फोल्डरात जाऊन त्या फंक्शनला हाक मारणार. काम व्हायचं, पण मधातच थांबायचं असलं तं एक्सेप्शन फेकून बाहेर पडा, असला प्रकार. २.२ मध्ये जनरेटर (एकेक उत्तर देऊन मधात थांबणारी फंक्शनं) आले अन २००३ च्या २.३ मध्ये आताचं ओएस.वॉक आलं, साधं फॉर लूपमध्ये फिरवता येणारं. जुनं ३.० मध्ये काढूनच टाकलं, कोणी रडलं नाही.

या नव्या वॉकनं एक वचन दिलं, अन पुढचं सगळं त्याच्यातूनच निघालं. वरून खाली फिरताना वॉक एका फोल्डरची यादी तुमच्या हातात देते अन थांबते. त्या थांबलेल्या वेळात तुम्ही सबफोल्डरची यादी बदलू शकता, नको ते नाव काढा, क्रम बदला, एवढंच नाही तं नवीन फोल्डर बनवलं किंवा नाव बदललं तरी यादीत टाकून वॉकला सांगा, असं डॉक्युमेंटेशनमध्येच लिहून ठेवलं आहे. म्हणजे वॉक थांबलेलं असताना डिस्कवर उलथापालथ करायची परवानगी कागदावर दिलेली.

वेगाची मात्र बोंब होती. वॉक आतून लिस्टडिर वापरायचं, ते फक्त नावं द्यायचं, मंग प्रत्येक नावासाठी हे फोल्डर आहे का फाइल हे वेगळं विचारा, म्हणजे दर फाइलमागं एक स्टॅट कॉल (सिस्टिमला त्या फाइलची माहिती विचारणं). आपल्याकडच्या सेतूवाल्याचा पीसी डोळ्यासमोर आणा, जुनी फिरणारी हार्डडिस्क, दोन-तीन वर्षांचे सातबारा अन आधारचे स्कॅन एकाच फोल्डरात कोंबलेले, त्याच्यात वॉक सोडलं तं लाइट जायच्या आत संपेल का नाही हीच शंका. अन गंमत अशी की ऑपरेटिंग सिस्टिम ही माहिती आधीच देऊन राहिली होती. लिनक्समध्ये डिरेक्टरी वाचतानाच नावासोबत प्रकार येतो (काही फाइलसिस्टिम सोडल्या तं), विंडोजमध्ये तं प्रकार, साइज, तारीख सगळंच येते. लिस्टडिर ते फेकून द्यायचं अन पायथन तेच परत मागायला जायचं!

बेन हॉइट नावाच्या प्रोग्रामरनं हे मनावर घेतलं. आधी स्वतःची लायब्ररी केली, मंग २०१४ मध्ये पेप ४७१ (पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) लिहिला, अन स्कॅनडिर पायथन ३.५ मध्ये आलं, सप्टेंबर २०१५ ला. वॉक आतून स्कॅनडिरवर नेलं तं लिनक्सकडं ३ ते ५ पट अन विंडोजवर ७ ते २० पट वेग वाढला, असं ३.५ च्या नोंदीत छापलेलं आहे.

भानगड झाली ती ३.५ बाहेर पडायच्या आधी, डेव्हलपमेंट चालू असताना. स्कॅनडिरच्या लूपमध्ये फोल्डर कोणतं हे कळते तसं लिंक कोणती हेही कळते, मंग तेही तिथंच लिहून ठेवलं अन खाली उतरताना तेच वापरलं. दिसायला एकदम बरोबर. पण समजा वॉकनं तुम्हाला 'फोटो' अन 'जुने' अशी दोन नावं दिली अन थांबलं. तुम्ही 'जुने' फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं अन त्याच नावाची सिमलिंक इथं ठेवली. आता वॉक परत सुरू झालं. त्याच्या वहीत 'जुने' म्हणजे साधं फोल्डर, म्हणून ते सरळ लिंकमधून दुसऱ्या डिस्कवर घुसलं, तेही तुम्ही फॉलोलिंक्स (लिंकमधून आत जायचं का, हे सांगणारा पर्याय) बंद ठेवलेलं असताना. त्या लूपमध्ये तुम्ही टेम्प फाइली डिलीट करत असाल तं झालं कल्याण. पीक पाहणीच्या नोंदीत पऱ्हाटी लिहिली आहे अन वावरात तोवर तूर उभी, अन साहेब वावरात उभा राहून कागदच वाचून राहिला, तसं ते.

म्हणून बदल मागं घेतला, पण सगळा नाही. वरून खाली फिरताना लिंकची तपासणी परत इजलिंकनं, यील्ड झाल्यावर, म्हणजे यादी तुमच्या हातात देऊन थांबलेलं वॉक परत सुरू झाल्यावर. खालून वर फिरताना स्कॅनडिरचंच उत्तर ठेवलं, कारण तिथं सबफोल्डर आधी होतात अन यादी तुमच्या हातात येते तेव्हा ती बदलून उपयोगच नसतो, तसं वचनच नव्हतं. भुर्दंडही लहान पडला, दर सबफोल्डरमागं एक कॉल, फाइलीमागं नाही. चार हजार स्कॅन अन दहा सबफोल्डर असले तं दहाच प्रश्न. माझ्या मते हा सौदा एकदम स्वस्तातला आहे, ती ओळ उडवून स्पीड वाढवला म्हणणाऱ्यानं आधी मोजून पाहावं.

आता याच्यानं सगळी भोकं बुजली असं नाही. तपासणी अन आत शिरणं याच्या मधात फट उरतेच, त्याच्यासाठी ३.३ पासून एफवॉक (फोल्डर उघडं धरून फिरणारं वॉकचं भावंड) आहे, पण ते विंडोजवर चालत नाही, म्हणजे सेतूवाल्याच्या कामाचं नाही. अन ३.१२ मध्ये खूप खोल फोल्डरात रिकर्शन लिमिट (फंक्शननं स्वतःलाच किती खोल बोलवायचं याची मर्यादा) लागायची म्हणून वॉक स्टॅकवर (पुढं कुठं शिरायचं त्याची यादी) लिहिलं, कमेंट अन इजलिंक जागेवरच राहिले, पण आधी एकेका सबफोल्डरात शिरायच्या ऐनवेळी तपासणी व्हायची, आता यील्ड झाल्याबरोबर सगळ्या सबफोल्डरची एकदमच होते अन ते स्टॅकवर पडून राहतात. म्हणजे पहिल्या सबफोल्डरात वॉक फिरत असताना तुम्ही तिसऱ्याच्या जागी लिंक ठेवली तं ती पकडल्या जात नाही. असं काम करायचंच असलं तं लूपच्या पहिल्याच ओळीत आलेला पाथ लिंक आहे का हे आपणच पाहायचं, असला तं सबफोल्डरची यादी रिकामी करायची अन कंटिन्यू मारायचं.