१२-०-१२ म्हणजे बारा नव्हे!
(अँप्लिफायर बोर्ड नेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी)

गणपती जवळ आले की आमच्या काउंटरवर तीच तक्रार येते. "काल बोर्ड नेला, आज आयसी उडाली, बदलून द्या." (आयसी म्हणजे बोर्डावरची आवाज वाढवणारी चिप.) खानापूर-निपाणीहून बस धरून आलेल्या माणसाला नाही म्हणताना आम्हालाही बरं वाटत नाही. पण बोर्ड आम्ही वाजवून दाखवूनच देतो. उडतो तो बहुतेक वेळा सप्लायमुळे, म्हणजे त्याला दिलेल्या विजेमुळे.

चूक ठरलेली. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा असतो, म्हणजे मधल्या वायरीपासून दोन्ही टोकांना बारा-बारा व्होल्ट. टोकाच्या दोन वायरी ब्रिजला (दिशा बदलणाऱ्या एसी विजेची एकाच दिशेची डीसी करणारे चार डायोड) लावतात आणि मधली मोकळी सोडतात. मग ब्रिजला बारा नाही, चोवीस व्होल्ट एसी मिळतात. डीसी होताना आकडा आणखी चढतो: एसीला १.४१ ने गुणा, डायोडचे दीडएक व्होल्ट वजा करा. कपॅसिटरवर (डीसी साठवून सपाट करणारा भाग) ३२ व्होल्टच्या वर भरतात. ४४४० आणि ७२९७ (हे आयसीचे नंबर) हे बोर्ड चालवायचे १८ व्होल्टच्या आत! अभंग सुरू व्हायच्या आधीच धूर.

या दोन्हींना ०-१२ चा ट्रान्सफॉर्मर घ्या. डीसी साडेपंधरा येतो, लोड नसताना थोडा जास्तच. रात्री गावाकडची लाइन चढते, त्यासाठी एवढी जागा ठेवावीच लागते. "आवाज वाढेल, १५ चा द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही देत नाही, कारण त्याचे डीसी वीसच्या घरात जातात. शिवाय १२ चे १५ केले तरी कानाला फरक जेमतेम कळतो, हीटसिंक (आयसी थंड ठेवणारा धातूचा तुकडा) मात्र भाजतो. आवाजच हवा तर स्पीकर चांगला घ्या.

१२-०-१२ लागतो तो २०३० च्या ड्युअल सप्लाय (अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्ट लागणाऱ्या) बोर्डाला, तोही मधली वायर ग्राउंडला जोडून. ३११६ ला २४ व्होल्टचा एसएमपीएस (तयार डीसी देणारा सप्लाय) चालतो. सप्लायचे अँपिअर जास्त असल्याची काळजी नको. जास्त असले तर बिघडत नाही, बोर्ड लागेल तेवढेच ओढतो. कमी पडले तर मात्र बासच्या ठोक्याला आवाज फाटतो.

ट्रान्सफॉर्मर आम्ही इथेच तांब्याच्या तारेत गुंडाळतो, म्हणून चार पैसे जास्त पडतात. दुसरीकडून घेतलेला असला तरी हरकत नाही. बोर्ड जोडायच्या आधी तो घेऊन या, डीसी किती येतो ते मीटर लावून दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही. जळालेली आयसी मात्र बदलून मिळणार नाही.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.