न्यूमोनिया की न्यूमोकोकस?

"न्यूमोनियाची लस टोचून घेतली होती, मग न्यूमोनिया झालाच कसा?" असं लोक चिडून विचारतात. गोची नावात आहे. ती लस न्यूमोनियाची नसतेच, न्यूमोकोकसची असते.

न्यूमोनिया म्हणजे फुफ्फुसाची झालेली अवस्था. हवेने भरायचे बारीक वायुकोश पू आणि पाण्याने भरतात, म्हणून धाप लागते. ते कशामुळे भरले हे त्या नावातून कळत नाही. फ्लूचा विषाणू असेल, बुरशी असेल, ठसका लागून घास श्वासनलिकेत गेला असेल.

न्यूमोकोकस हा मात्र एक ठरावीक जिवाणू. अमेरिकी लष्करी डॉक्टर स्टर्नबर्ग यांना तो स्वतःच्याच लाळेत सापडला, आणि ते ठणठणीत होते! (१८८१ मध्ये पाश्चर यांनीही तो स्वतंत्रपणे नोंदवला.) निरोगी माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाकाघशात तो निमूट राहतो आणि खोकल्या-शिंकेतून दुसऱ्याकडे जातो. बिघडला की न्यूमोनिया करतो खरा, पण तिथेच थांबेल असं नाही. कानात गेला तर कान ठणकतो, रक्तात शिरला तर जंतुदोष अंगभर पसरतो, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर मेंदूज्वर. म्हणजे छातीचा एक्स-रे स्वच्छ असूनही आजार न्यूमोकोकसचा असू शकतो.

त्याची खरी ढाल म्हणजे अंगावरचं साखरेच्या साखळ्यांचं कवच. दोन वर्षांखालच्या बाळाच्या प्रतिकारशक्तीला हे कवच नीट ओळखताच येत नाही. म्हणून बाळांच्या लसीत ती साखर एका प्रथिनाला जोडून देतात. मग शरीर दखल घेतं. वय ६५ च्या पुढे प्रतिकारशक्ती मंदावते, आणि लक्षणंही फसवी होतात: ताप नाही, खोकला जेमतेम, फक्त आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागतात, जेवण टाकतात. मधुमेह, हृदयाचे, फुफ्फुसाचे किंवा यकृताचे जुने आजार, एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार, धूम्रपान, सगळ्यांतच धोका वाढतो. फ्लूने श्वसनमार्गाचं अस्तर सोलवटलं की धडधाकट माणसालाही हा गाठतो.

आता त्या चिडक्या प्रश्नाकडे. या जिवाणूचे शंभरावर प्रकार आहेत. कवच बदललं की प्रकार बदलला. लशींच्या नावातले १३, २० किंवा २३ हे आकडे म्हणजे त्यातल्या किती प्रकारांविरुद्ध ती तयार केली आहे ते. उरलेले प्रकार, शिवाय सगळे विषाणू आणि बुरशी तिच्या कक्षेबाहेर. तरी ती घ्यावीच, कारण रक्तात आणि मेंदूपर्यंत जाणारा गंभीर आजार ती बऱ्याच प्रमाणात टाळते.

सर्वांत जपायचं ते प्लीहा (पोटात डावीकडे असलेला अवयव, पाणथरी) काढलेल्यांनी. असं कवच घातलेले जिवाणू रक्तातून गाळून काढण्याचं काम मुख्यतः प्लीहेचं. ती नसेल तर सकाळची थंडी-कणकण रात्रीपर्यंत जिवावर बेतू शकते. अशा माणसाने लस घेतलेली असली तरी ताप आला की त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठायचा.