बापाला पोराची खबर

‘सीएसएस आलं, जावास्क्रिप्ट गेलं!’ असे मथळे दर दोन महिन्यांनी व्हिडिओंवर झळकतात. सीएसएस म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा, जावास्क्रिप्ट म्हणजे पानाला हलतं-चालतं करणारी. गेलंबिलं काही नाही. पण या गोंगाटात एक खरी गंमत झाकली जाते. वेब डिझायनर कित्येक वर्षं मागत होते तो ‘हॅज’ सिलेक्टर (सिलेक्टर म्हणजे नियम पानातल्या कुठल्या भागाला लावायचा हे सांगणारा सीएसएसचा तुकडा) आता सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. सफारीत तो मार्च २०२२ला आला, क्रोममध्ये ऑगस्ट २०२२ला, फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ला.

वेबपान म्हणजे एकात एक ठेवलेले डबे. ‘बातमीतला फोटो गोल कर’ हे सीएसएसला पहिल्यापासून कळायचं. ‘ज्या बातमीत फोटो आहे ती बातमी रुंद कर’ हे मात्र कळत नसे. ‘हॅज’मुळे ते कळू लागलं. फॉर्ममध्ये मोबाइल नंबरचे नऊच आकडे भरले, तर चौकटीबरोबर तिच्यावरचं लेबलही लाल करता येतं, तेही नुसत्या सीएसएसने.

मग एवढा उशीर का? नियम आपण डावीकडून वाचतो, ब्राउझर उजवीकडून. तो आधी फोटो धरतो आणि वर चढत बातमी सापडते का ते बघतो. कुलवृत्तांत आठवा. कुणाचा पणजोबा शोधायला तीनच पायऱ्या चढायच्या, कारण प्रत्येकाला बाप एकच. पण ‘ज्यांच्या वंशात कुणी वैद्य झाला असे सगळे शोधा’ म्हटलं, की एकेका नावाखालची अख्खी शाखा चाळत बसायचं. बरं, एकदा चाळून सुटका नाही. तुम्ही एक अक्षर टाइप केलं तरी वरच्या कुणाकुणाचं रूप पालटेल हे पुन्हा ठरवायचं, आणि पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं धरली तर जेमतेम १६ मिलिसेकंदांत. त्यावरची युक्ती अशी: ‘हॅज’साठी तपासलेल्या घटकांवर खुणा करून ठेवायच्या आणि बिनखुणेच्या फांदीकडे ढुंकूनही बघायचं नाही. क्रोम ज्यावर उभं आहे त्या क्रोमियममधलं हे किचकट काम इगालिया या स्पॅनिश कंपनीतल्या मंडळींनी केलं. तरी ‘हॅज’च्या पोटात दुसरं ‘हॅज’ आजही चालत नाही.

जुन्या ब्राउझरला न कळलेला नियम तो गुपचूप सोडून देतो, कुरकुर करत नाही. मात्र स्वल्पविराम देऊन चार सिलेक्टर एकत्र लिहिले आणि त्यातला एक त्याला कळला नाही, तर चौघांचाही नियम जातो. म्हणून ‘हॅज’चा नियम वेगळा लिहावा. असं काही बिघडलं की आम्हा वेबवाल्यांतले बरेच जण दिसेल त्या ओळीला ‘इम्पॉर्टंट’ (म्हणजे ‘बाकी नियमांवर हीच ओळ भारी’) चिकटवतात. दाराला लिंबू-मिरची टांगण्यातलाच तो प्रकार. उलट पुढचा नियम त्यापायी अडतो.

आणि चाचणी घेताना विंडोज ७ विसरू नका. तिथे क्रोम १०९वर थांबलं, पण त्याला ‘हॅज’ येतं. फायरफॉक्स ११५वर थांबलं, त्याला येत नाही. संगणक तोच.